तुम्ही विचारलंत म्हणून: दोन टाय पाठीला पाठ लावले की झालं ना?

प्रदर्शनात टेबल मांडलं की दिवसातून चार-पाच वेळा हा प्रश्न येतोच. माणूस टाय हातात घेतो, उलटवून बघतो. एकीकडून निळा, दुसरीकडून राखाडी. कडेवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "अच्छा, म्हणजे दोन टाय पाठीला पाठ लावून शिवलेत. एवढंच ना?" त्याच्या मागचा विचारतो, "मग एवढी किंमत कशाची?" आणि दर दिवाळीला फराळाची ताटं फिरत असताना घरचं कुणीतरी हमखास, "अजून त्याच टायवर आहेस? चार वर्षं झाली की!"

आजवर मी "हो, तसंच काहीसं" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं, म्हणून आज एकदा सगळं लिहून काढते.

घरात एखादा बरा टाय असेल तर तो पालथा करून बघा. पाठीच्या मधोमध जी शिवण दिसते ती मशिनची नसते. वरपासून खालपर्यंत एकच लांब दोरा असतो, हाताने घातलेला आणि मुद्दाम सैल ठेवलेला. टोकाशी थोडा जास्तीचा दोरा फास करून आत सोडलेला असतो. तुम्ही गाठ आवळता तेव्हा कापड ताणतं आणि त्या दोऱ्यावरून सरकतं. गाठ सोडलीत की परत जागेवर येतं. कापड ताणतं कारण ते उरेब कापलेलं असतं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांशी ४५ अंशांत. असे तीन तुकडे जोडून टाय करायच्या पद्धतीचं पेटंट न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने १९२०च्या दशकात घेतलं आणि आज जगभर टाय तसेच शिवतात. आत टायला अंग यावं म्हणून लोकरीच्या कापडाचा थर, त्याला आम्ही कॅनव्हास म्हणतो, तोही उरेबच. तिथे बुकरम, म्हणजे खळीचं ताठ कापड, घातलं तर गाठीची सुरकुती कायमची बसते. लोकर रात्रभर टांगली की सकाळी सरळ होते.

आता कडा बघा. कडेला शिवण नाहीच. तिथे कापड नुसतं वळलेलं आहे, आणि त्या वळणावर इस्त्री दाबायची नाही हा आमच्या कामातला पहिला धडा. ती गोलाई गेली की टाय रिबिनीसारखा दिसतो. आणि पाठीवर ती आडवी पट्टी, जिच्यात शेपटाकडचं बारीक टोक अडकवायचं.

म्हणजे शिवण, सैल दोरा, कापडाचं दुमडलेलं टोक, पट्टी, हे सगळं पाठीवर. आणि मला पाठच नको आहे, दोन्ही बाजू तोंडाच्या हव्या आहेत. मग हा संसार कुठे हलवू? मी खरंच विचारते आहे, कारण चार वर्षं हाच प्रश्न माझ्या टेबलावर पडून आहे.

पाठीला पाठ लावूनही बघितलं. सगळ्यात आधी तेच केलं. दोन कॅनव्हास, दोन तोंडं आणि मधे दोन्हीकडची दुमड. गाठ लिंबाएवढी झाली आणि शर्टाची कॉलर खाली बसेना. मग कॅनव्हास काढून टाकला. सात घड्यांचा टाय असतो, त्यात कॅनव्हास जवळजवळ नसतोच, रेशीमच स्वतःवर दुमडून अंग धरतं. पण त्या सातही घड्या पाठीवर उघडतात. पुन्हा पाठ आलीच.

"मग दोन वेगळे टाय शिवा ना." हेही तुम्ही म्हणता. मीही म्हटलं होतं, ज्यांच्यामुळे हे सुरू झालं त्यांना.

पुण्यातले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले. वडील मुंबईत गिरणीत होते. काका वर्षातून दोनच दिवस टाय घालतात, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला. टाय म्हणजे साहेबी थाट किंवा या उकाड्यात गळ्याला फास, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांना एकदा आरशासमोर टाय बांधताना बघायला हवं. बाबासाहेबांचा सूट आणि टाय त्यांच्या घरात भिंतीवर आहे, आणि त्यांच्या वडिलांनी जन्मभरात एकदाच टाय घातला तो त्या फोटोखाली उभं राहून स्वतःचा फोटो काढायला. काका मला म्हणाले, "ताई, एका बाजूने जयंतीचा निळा करा. दुसऱ्या बाजूने राखाडी, चैत्यभूमीला जायला." मी म्हटलं, दोन शिवून देते, स्वस्त पडतील. त्यांनी मान हलवली. "दोन्ही दिवस एकाच माणसाचे आहेत. टाय एकच हवा."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर तेव्हा त्यांच्या बोलण्यापेक्षा मला त्या वस्तूचाच मोह पडला होता. दोन रंग, एक टाय, कुठेही टाका दिसत नाही. तसा टाय मी शिवून दाखवणार होते.

मधल्या काळात येवल्याला एक चक्कर झाली, तेवढी सांगते. पैठणीच्या विणीत रंगीत आडवे धागे एकमेकांत अडकवत नेतात, त्यामुळे पाठीमागे सुटे धागे लोंबत नाहीत आणि नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते. मला वाटलं, उलटी बाजू नसलेलं कापड इथे शेकडो वर्षं विणलं जातंय, उत्तर इथेच असणार. विणकराने पदराचा एक नमुना उलटून दाखवला आणि परत उलटला. मोर कुठल्या बाजूला सुलटा हे मला सांगता येईना. मग मी तो नमुना हातात घेऊन बोटाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ दाखवली, असा कापायचा आहे म्हटलं. त्यांनी काही न बोलता तो माझ्या हातातून काढून घेतला आणि घडी घातली. त्यांचं बरोबर होतं. जरीची तार तशी तिरकी वळत नाही, आणि सारख्या दोन बाजू मला नकोच होत्या. मला वेगळ्या दोन हव्या होत्या.

म्हणून थर. निळं रेशीम, खाली पातळ सुती अस्तर म्हणजे पलीकडचा रंग डोकावणार नाही, मधे एकच कॅनव्हास, मग राखाडी रेशीम. निळं आणि राखाडी एकाच मागावरचं घेतलं, म्हणजे दोन्ही सारखे ताणतील. एकाच फर्म्यावर, एकाच दिशेला कापले. कडा कशा जोडायच्या यावरून माझं आणि मावशींचं बिनसलं. मावशी माझ्याकडे एकोणीस वर्षं हातशिलाई करतात. त्यांनी चारही थर हातात धरले, दोन्ही कडा चिमटीत घेऊन बघितल्या आणि विचारलं, "ताई, ह्याला सैल दोरा कुठे?"

मी म्हटलं, "ह्याला लागणार नाही. दोन्ही कडांना बारीक टीप मारू, उलटवून घेऊ."

"टीप ताणत नाही, ताई."

"आत कॅनव्हास आहे ना."

त्या गप्प बसल्या. मशीन मीच चालवलं. टाय उलटवून सरळ केला तेव्हा इतका देखणा दिसत होता की मी त्यांच्याकडे बघून हसले. ते हसू मला आजही आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

काकांनी तो टाय ६ डिसेंबरला दादरला नेला. पहाटेची गाडी, मग शिवाजी पार्कची रांग. पांढरा शर्ट, वर राखाडी टाय. रांगेत चार-पाच तास गेले. ऊन, घाम, समुद्राकडून येणारा वारा. घामाने रेशीम आणि लोकर दोन्ही सैलावतात, पण मशिनची टीप सैलावत नाही. कडेने टीप ओढून धरणार आणि मधलं कापड लांबणार, मग टायला एकच वाट उरते, पिळायची. शेपूट अडकवायला पाठीवर पट्टी नव्हती, त्यामुळे धरून ठेवणारंही काही नव्हतं. टाय गाठीखाली हळूहळू फिरला आणि निळी बाजू पुढे आली. काकांनी तो सरळ केला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा फिरला. पुन्हा सरळ केला. मग रांगभर एक हात छातीवर ठेवून चालले. आत जायची वेळ आली तेव्हा तो हात त्यांना जोडायला हवा होता. त्यांनी टाय काढला, खिशात घातला आणि उघड्या गळ्याने गेले.

हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं नाही. चार दिवसांनी टाय आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "थोडा फिरतो, ताई. बघा जमलं तर." मीच खोदून विचारलं, तेव्हा एकेक कळलं. निळा रंग तिथे चालत नाही असं अजिबात नाही, तिथे सगळीकडे निळे झेंडे असतात, हेही त्यांनीच मला समजावलं. माझी समजूत घालत होते. पण त्यांनी तो दिवस त्या बाजूने पाळायचा ठरवलं होतं, आणि माझ्या टायने त्यांना पाळू दिला नाही.

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "गाठ जरा घट्ट मारली असेल तुम्ही." माझ्या तोंडून हे गेलं. मावशी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ते गेल्यावर मावशींनी टाय उसवला. डावी टीप तीन ठिकाणी तुटलेली होती आणि कॅनव्हास दोरीसारखा वळला होता. टीप हा एक दोष. दुसरा माझा एकटीचा होता. दोन्ही रेशमं मी एकाच फर्म्यावर, एकाच दिशेला कापली होती. पण पाठीला पाठ लावल्यावर एकाचा उभा धागा उजवीकडे चढतो आणि दुसऱ्याचा डावीकडे. उभा धागा आडव्यापेक्षा कमी ताणतो. म्हणजे दोन तोंडं एकमेकांना उलट्या दिशांना ओढत होती, आणि असा जोड ताणला की पिळतोच. हे कागदावरही कळलं असतं. मी खडू हातात घेऊन विचार केला नव्हता.

त्याच्या आधीच्या प्रदर्शनात मी टेबलावर एक कार्ड ठेवलं होतं, "ह्या टायला उलटी बाजू नाही." कित्येकांनी त्याचा फोटो काढून नेला. ते कार्ड लिहिणाऱ्या बाईशी मी अजून भांडते. तिला वाटत होतं की पाठ म्हणजे लपवायची जागा, ती काढून टाकली की काम जास्त प्रामाणिक होतं. पाठीवरचा तो सैल दोरा काम करत असतो, हे तिला मावशींनी सांगूनही दिसलं नाही. पण तिची बाजूही मी पूर्ण सोडत नाही. तिने हट्ट केला नसता तर मी दोन टाय शिवून पैसे घेतले असते आणि विषय संपला असता.

सध्या तो असा शिवते. दोन्ही तोंडांचे उभे धागे आता एकाच दिशेला जातात. त्याने पीळ थांबला, पण टाय एका बाजूला कलायला लागला. म्हणून मधला कॅनव्हास उलट उरेब कापते, तो कल बराचसा खेचून धरतो. निळं कापड कॅनव्हासवरून वळवून आत घेते, म्हणजे कडेची गोलाई राहते. राखाडी एक सूत अरुंद ठेवून त्यावर बसवते, आणि दोन्ही कडांना हाताने सैल दोरा, टोकाला फास ठेवून. एक टाय मावशींचे दोन पूर्ण दिवस खातो. किंमत विचारलीत ना, ती ही.

आणि तरी राखाडी बाजूने बघितलं तर कडेला निळी रेघ दिसते, केसाएवढी. निळ्या बाजूने राखाडी मुळीच दिसत नाही. म्हणजे दोन बाजू सारख्या नाहीतच. काकांना दाखवला तेव्हा ते रेघेवरून अंगठा फिरवत राहिले आणि म्हणाले, "ही राहू द्या." मला ती खुपते. त्यांना का आवडली ते मी विचारलं नाही. पट्टीचंही अजून सुटलेलं नाही, शेपूट पिनेने अडकवावं लागतं.

आत्ताचा हा सातवा. टोकाला छोटं वजन बांधून पंधरा दिवस खिळ्याला टांगला होता. पिळला नाही. डावीकडे एक सूत कलला. मावशी म्हणतात, डावा दोरा उजव्यापेक्षा ओढून घातला गेलाय, चूक त्यांच्या हाताची. मला वाटतं कॅनव्हास अजून कमी पडतोय. ह्या वेळी मी माझं म्हणणं लावून धरलं नाही. ६ डिसेंबरला तीन आठवडे आहेत, आणि काल संध्याकाळी दिवा जवळ ओढून त्यांनी डावी कड उसवायला घेतली आहे.