बाहेर ४५, आत १४

गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. तिकडे ऊन फार असेल ना? ऊन आहे. पण ज्यानं मे महिन्यात भुसावळ स्टेशनवर उभं राहून गाडीची वाट बघितली आहे, त्याला दुबईच्या ४५ अंशांचं नवल वाटत नाही. इथली हवा दमट, अंगाला चिकटणारी, एवढाच फरक. शिवाय १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. हा नियम ऐकला तेव्हा मला आप्पा, माझे वडील, आठवले. त्याच वेळेला ते डोक्याला उपरणं गुंडाळून केळीच्या बागेत नळ्या तपासत फिरत असतात.

मला इथं त्रास होतो तो थंडीचा. केळी पिकवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माझं काम आहे. पाळी बारा तासांची, त्यातले आठ-नऊ तास १४ ते १८ अंशांत. बाहेर आलं की चष्म्यावर वाफ, आत गेलं की बोटं आखडतात. पहिल्या वर्षी गुडघे फार दुखले. आता अंगात दोन बनियन आणि त्यावर कंपनीचं जाकीट असतं.

माझं गाव जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरची जमीन दोन एकर. तेवढ्यावर पाच माणसांचं भागत नव्हतं, म्हणून आप्पा गावातल्या एका मोठ्या बागायतदाराकडे सालदार, म्हणजे सालभराचे गडी, होते. आपल्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. त्या दिवशी जुन्या सालाचा हिशोब मिटतो, उचल वळती होते आणि नवं साल ठरतं. गावातल्या लेकी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके बांधलेले, आणि आमच्या घरी मात्र सकाळपासून माय गप्प. आप्पा मालकाकडून येऊन किती आकडा सांगतात, यावर आमचं वर्ष असायचं. इथं माझा व्हिसा दोन वर्षांचा असतो. तो संपत आला की मला तोच आखाजीचा दिवस आठवतो, पोटात तसाच गोळा येतो.

दिवसभर मालकाची बाग आणि रात्री घरची, असं आप्पांचं चालायचं. शेताला थ्री फेज लाईट आठ तास, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की मी आप्पांसोबत बॅटरी घेऊन जायचो. खरी कसोटी जानेवारीची. केळीला थंडी सोसत नाही. पारा दहाच्या खाली उतरला की पोगा, म्हणजे नवं गुंडाळलेलं पान, अडकतो, पानं पिवळी पडतात, निसवायला आलेल्या झाडाचं कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर पडत नाही, आणि घड तयार असेल तर सालीचा रंगच मरतो. मग पहाटे बांधाबांधावर ओला-सुका पाला पेटवायचा, जाळ नको, धूर हवा. धुराची चादर बागेवर पसरून राहिली पाहिजे. सोबत विहिरीचं पाणी सोडायचं, ते पहाटे कोमट असतं. डोळे चोळत मी पाला टाकायचो आणि आप्पा हिरव्या केळीवर अंगठ्याचं नख हलकेच ओढून बघायचे. सालीखाली तपकिरी रेघ दिसली की ते काही बोलायचे नाहीत. नुसतं झाडाला हात लावून पुढे जायचे.

ते नख मी तिथं शिकलो. बाकी शिक्षण बारावी.

इकडे कसा आलो, ते थोडक्यात सांगतो. एका वर्षी जूनच्या तोंडावर वादळ आलं आणि कापणीला आलेली आमची बाग वीस मिनिटांत आडवी झाली. एका एजंटनं स्टोअरकीपरची नोकरी सांगून पैसे घेतले. इथं आल्यावर कळलं की हेल्परची आहे. पहिली दोन वर्षं त्याला दिलेल्या पैशांचं कर्ज फेडण्यात गेली. घरी मात्र तेव्हा स्टोअरकीपर म्हणूनच सांगत होतो, आणि ते आप्पांपासून लपवल्याचं मला अजून लागतं.

आता कामाचं सांगतो, कारण आपल्या लोकांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या शेतातला घड पॅकहाऊसला जातो, फण्या वेगळ्या होतात, तुरटीच्या पाण्यात चीक धुतला जातो, तेरा-तेरा किलोची खोकी भरतात. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दीड हजाराच्या आसपास खोकी, म्हणजे वीस टन माल. आत साडेतेरा अंशांच्या जवळपास गारवा ठेवून तो मुंबईजवळच्या बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदरात येतो. तोपर्यंत केळी हिरवीगार, जणू झोपलेली. आमच्याकडे तिला जागं करायचं. बंद खोलीत चोवीस तास इथिलिन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, द्यायचा, मग दारं उघडून खोली मोकळी करायची, रोज फळात सुई खुपसून गराचं तापमान घ्यायचं आणि अंशा-अंशानं खाली आणायचं. चार-पाच दिवसांत रंग धरतो. घाई केली तर साल पिवळी आणि गर कच्चा. गावाकडे माय धान्याच्या कोठीत फणी पुरून ठेवायची, ती रोज उघडून बघायला मनाई होती. तेच हे.

मागच्या फेब्रुवारीत एक कंटेनर आला, आपल्याच भागातला. खोक्यावर जळगाव जिल्हा वाचलं की माझा हात आपोआप थांबतो. प्रवासाचा कागद अगदी चोख होता, तापमान कुठंही घसरलेलं नव्हतं. आमचा सुपरवायझर केरळचा, हुशार माणूस. त्यानं माल खोलीत लावायला सांगितला. मी सवयीनं एका केळावर नख ओढलं. सालीखाली तपकिरी रेघा. दुसऱ्या खोक्यातलं बघितलं, तिसऱ्यातलं. मग दुसऱ्या लॉटचं बघितलं, ते स्वच्छ. एकाच कोडच्या खोक्यांत दोष होता. म्हणजे गारठा वाटेत लागलेला नव्हता, तो बागेतच लागला होता, जानेवारीत.

खरं सांगतो, मी पाच मिनिटं तिथंच उभा राहिलो. तो कोड म्हणजे कुणाचं तरी शेत. त्या आठवड्यात त्याची लाईट दिवसाची असेल, म्हणून पहाटे पाणी सोडता आलं नसेल, धूर करायला माणूस मिळाला नसेल. मी बोललो तर पुढच्या खेपेला त्याच्या बागेकडे व्यापारी फिरकणार नाही. गप्प राहिलो तर चार दिवसांनी तीच केळी राखाडी निघणार आणि सगळ्या कंटेनरला बोल लागणार.

मी सांगितलं. तो लॉट वेगळा काढला, बाकीचा माल चांगला पिकला. त्यानंतर सुपरवायझर नवा माल आला की आधी मला हाक मारतो. पगारात दीडशे दिरहम वाढले. त्या पैशाकडे बघून मला आनंद झाला नाही, हेही लिहून ठेवतो.

रात्री आप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगितलं ते बरं केलं भो. पन त्या मान्साची बाग होती रे."

यंदाही जानेवारीत रात्रपाळी होती. इथले तीन वाजले होते, म्हणजे तिकडे साडेचार. आप्पांचा फोन आला. आता ते सालदार नाहीत, घरची बाग तेवढी बघतात. फोनवर पाला तडतडल्याचा आवाज येत होता.

"आप्पा, मोटार चालू आहे का?"

"लाईट दुपारची हाये या हप्त्यात. धूरच करू राह्यलो."

"मफलर बांधलाय ना?"

"बांधलाय. तुह्या खोलीत किती हाये रे?"

मी भिंतीवरच्या आकड्याकडे बघितलं. "चौदा."

"मंग तुही केळी सुखात हाये," ते म्हणाले, आणि खोकत पुढच्या बांधाकडे निघाले. फोन बंद करायचं विसरले होते. मी खोलीच्या दारात उभा राहून बराच वेळ त्यांची पावलं ऐकत होतो.