ड्यूटी फ्रीतलं कामू घराणं

परदेशातून गावी येताना विमानतळावरच्या ड्यूटी फ्री, म्हणजे करमुक्त दुकानातून काका-मामांसाठी बाटली घेणं आपल्याला नवं नाही. पण त्याच दुकानांनी फ्रान्समधलं एक घराणं तारलं, हे कोन्याक गावी गेल्यावर कळलं आणि मी थक्क झालो.

घराणं कामूंचं. 1863 साली जाँ-बाप्तिस्त कामू यांनी शेजारपाजारच्या बागायतदारांना जोडून घेऊन ब्रँडीचा व्यवसाय सुरू केला. पुढे फायलॉक्सेरा या द्राक्षाची मुळं खाणाऱ्या किडीनं त्या मुलखातल्या बागा संपवल्या. मग अमेरिकन खुंटावर कलमं करून त्या परत उभ्या राहिल्या. आमच्या तासगावात डॉगरीज या खुंटावर द्राक्षाचं कलम भरतात, तसंच.

1960 च्या दशकात मिशेल कामू न खपलेला साठा घेऊन बसले होते. तेव्हा चक फीनी आणि रॉबर्ट मिलर हे दोन तरुण अमेरिकन हाँगकाँग आणि हवाईत ड्यूटी फ्री दुकानं चालवत होते. मिशेलनी माल त्यांच्या हवाली केला. जपानी पर्यटक घरच्यांसाठी भेट म्हणून कामूच्या बाटल्या नेऊ लागले आणि घराणं सावरलं. ब्रँडीचं दुसरं मोठं नाव हेनेसी आज एलव्हीएमएच या बड्या कंपनीकडे आहे, मार्टेल पेर्नो रिकार या कंपनीकडे. कामू मात्र कामूंकडेच.

‘आपल्याकडं तिसऱ्या पिढीत वाटण्या होतात, त्यांचं बघा,’ असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. वारसाहक्कात सगळ्या मुलांना वाटा फ्रेंच कायद्यातही आहे. खरा फरक मालात आहे. एक्सओ, म्हणजे खूप जुनी, म्हणवायला कोन्याकची ब्रँडी किमान 10 वर्षं ओकच्या पिंपात ठेवावी लागते, आणि तिथं तिची किंमत वाढतच जाते. आमचं द्राक्ष एका अवकाळीत जातं. बेदाणा केला तरी कोल्ड स्टोअरेजचं भाडं चालू राहतं आणि सौद्यात भाव पडला की वर्ष गेलं. आमच्या आण्णांनी इतकी वर्षं बाग टिकवली, ती फ्रान्समधल्या कुठल्याही शातोच्या, म्हणजे द्राक्षबागेच्या वाड्याच्या तोडीची आहे.

‘पोरानं बाग सोडली’ हे मला गावात ऐकावं लागतं. पण पाचव्या पिढीचे सिरिल कामू कित्येक वर्षं बीजिंगमध्ये राहिले, घरचाच माल विकायला. लांब राहून घरचं काम होतं, हे मी त्यांच्याकडं बघून ठामपणे सांगतो.

मी राहतो तिथल्या दुकानांत बेदाण्याची चौकशी सुरू केली आहे. आण्णा, नमुने पाठवा. हिरवा आणि पिवळा, दोन्ही.