तीन मिलीचं पेन आणि ओला पंचा

व्हिएतनामहून परतताना मधल्या एका विमानतळावर पुन्हा सिक्युरिटी चेक होता. लेक 12 वर्षांची, टाइप 1 मधुमेह. इन्सुलिनची पाच पेनं, सुया, ग्लुकोमीटर, डॉक्टरांचं पत्र, सगळं माझ्या हँडबॅगेत. चेक-इनच्या बॅगेत इन्सुलिन मी कधीच टाकत नाही. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की फेकूनच द्यावं लागतं. शिवाय बॅग हरवली तर?

ट्रे एक्स-रेतून गेला आणि बाजूला काढला गेला. तपासणाऱ्या बाईंनी पेनं एकेक करून उजेडात धरली, सुयांचं पाकीट उलटसुलट पाहिलं. पत्र इंग्रजीत, त्यांना इंग्रजी जेमतेम. मी बोटांनी, हातवाऱ्यांनी सांगत होते. तेवढ्यात लेकीने बाही वर केली आणि दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर दाखवला. बाई एकदम थांबल्या. पेनं स्वतःच्या हाताने डब्यात नीट रचून त्यांनी मला परत दिली.

पेनं गार ठेवणारा जेल पॅक मात्र अर्धा वितळला होता. तो त्यांनी बादलीत टाकला. मी डबा उघडून ‘औषधासाठी, औषधासाठी’ म्हणत राहिले, उपयोग झाला नाही.

2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनला पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात नेण्याचा कट उघडकीस आला आणि तेव्हापासून हँडबॅगेतल्या द्रव पदार्थांवर ही 100 मिलीची अट आली. अट रास्तच आहे. पण अनेक देशांत गरजेची औषधं आणि ती गार ठेवणारे पॅक या अटीतून वगळलेले आहेत. हे ट्रेपाशी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला पक्कं ठाऊक असायला हवं. एका पेनात 3 मिली, म्हणजे 300 युनिट. माझ्या लेकीचे कित्येक दिवस त्यात असतात.

विमानात, विमानतळावर एसी असतो, तिथे चिंता नव्हती. चिंता होती मुंबईपासून सोलापूरपर्यंतची. मे महिना, एसटी, बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. वापरातलं पेन महिनाभर बाहेर चालतं, तेही 30 अंशांच्या आत.

मुंबईला उतरल्यावर पेनं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि बाबांचा सुती पंचा नळाखाली भिजवून, पिळून, त्याभोवती गुंडाळला. आजी उन्हाळ्यात तांब्याला असंच ओलं फडकं बांधायची. वारं लागलं की पाणी उडतं आणि आतलं गार राहतं. भिगवणला पंचा कोरडा पडला, पुन्हा भिजवला. टेंभुर्णीलाही.

घरी पोचल्यावर आधी पेनं फ्रीजच्या मधल्या कप्प्यात गेली, मग आमच्या चपला निघाल्या. जेवणाआधी लेकीने साखर तपासली, रोजच्या वापरातलं पेन काढलं, सहा युनिट घेतले आणि आमरसाची वाटी पुढे ओढली.