मिशनला गेलो आणि कपाट आधीच भरलेलं निघालं

चर्चच्या टीमबरोबर मिशनला गेलो होतो, तीन महिने मिरजेत मावशीकडे राहून परवाच पुण्याला परत आलो. आता पुढची टीम जाणार आहे म्हणून आमच्या मंडळीतले (म्हणजे चर्चमधले) सगळे विचारतायत की तिकडे कुठल्या चर्चला सपोर्ट करायचा ते ठरवायचं कसं, तर एकदाच लिहून टाकतो, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगायला नको.

खरं सांगायचं तर जाताना माझ्या डोक्यात होतं की आपण तिकडे काहीतरी सुरू करायला चाललोय. मावशीने पहिल्याच दिवशी हवा काढली. म्हणाली, "अरे, वानलेस डॉक्टरांनी १८९४ ला इथे हॉस्पिटल सुरू केलंय, वानलेसवाडीला नाव त्यांचंच, तुला काय वाटलं तूच पहिला आलायस?" मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशन, साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन, १९७० ला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तेव्हा यातल्या पुष्कळ मंडळ्या त्यात गेल्या, शिवाय आता घराघरातून चालणाऱ्या स्वतंत्र प्रार्थना वेगळ्याच. म्हणजे शोधायचं काय तर जे आधीपासून चाललंय ते.

गुगल मॅपवर मोठी चर्चेस दिसतात, पत्र्याची दिसत नाहीत. ती सापडतात महिला मंडळाकडून. कुठल्या गावात पाळक (पास्टर) नाही, कुठली संडे स्कूलवाली बाई स्वतःच्या खर्चाने एसटीने जाते, कुठे पंचांचे (चर्चच्या ट्रस्टींचे) दोन गट पडून केस कोर्टात गेलीय, सगळं त्यांना पाठ. (कोर्टात असेल तिथे भक्तीला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जरूर जा, पण पैसे कोणाच्याच हातात देऊ नका.) आणि पहिले चार रविवार मागच्या बाकावर गप बसा, स्टेजवर बोलावलं तरी नको म्हणा, आम्ही हे केलं नाही म्हणून तर पुढचा घोळ झाला.

जत तालुक्यातल्या एका छोट्या मंडळीत आम्ही न विचारता एक कीबोर्ड आणि संडे स्कूलच्या पुस्तकांचे दोन बॉक्स घेऊन गेलो. पाळकीणबाईंनी चहा दिला, मग काही न बोलता कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं, आत आणखी दोन कीबोर्ड, एकाचं तर थर्माकोलसुद्धा काढलेलं नाही, आणि खाली पुस्तकंच पुस्तकं. वाजवणारं कोणी नाही हो, म्हणाल्या. त्यांच्याकडे ढोलकी, टाळ आणि एक पेटी, ती पण भाता फाटलेली, हवाच धरत नव्हती, तरी तिच्यावरच ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं चाललेली. टिळकांनी १९१७ ला साताऱ्यात देवाचा दरबार हा येशूभक्तांचा बंधुसंघ काढला तो येशू आपल्या मातीतला वाटावा म्हणून, आणि शंभर वर्षांनंतर आम्ही काय आणतोय तर कीबोर्ड. लाज वाटली.

मग पाळकसाहेबांना विचारलं, नक्की काय हवंय? ते जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "भाऊ, चेंज रिपोर्ट." मला कळलंच नाही. झालं होतं असं की ट्रस्टचे दोन पंच वारलेले, नवीन पंचांची नावं धर्मादाय आयुक्तांकडे चढवलेलीच नाहीत (बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत कळवायचं असतं, तोच चेंज रिपोर्ट), त्यामुळे बँक सही धरेना, ऑडिटही चार वर्षांचं थकलेलं, आणि पत्रा गळतोय पण खात्यातले पैसे काढता येत नाहीत. आमच्यातला एक जण सीएच्या ऑफिसात कामाला आहे, तो दोन दिवस सतरंजीवर बसून पावत्या लावत होता. मला विचाराल तर तीन महिन्यातलं सगळ्यात कामाचं काम तेच, पण त्याचा फोटो काय टाकणार.

बाहेरच्या पैशाचं पण सांगतो. अमेरिकेतला एक मित्र म्हणाला मी डायरेक्ट पाळकांच्या खात्यावर टाकतो. अजिबात नाही! मंडळीसाठी परदेशातून पैसे घ्यायचे तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) परवानगी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर ते आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच यायला लागतात आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला वाटणंही बंद झालंय, म्हणजे आपल्या ट्रस्टमधून फिरवू वगैरे आयडिया विसरा. आपण उगाच हुशारी करायची आणि निस्तरायचं त्या पाळकाने. टुरिस्ट व्हिसावर येऊन प्रचार करणंही चालत नाही, तेही मित्रांना आधीच सांगा. इथल्या इथे देणार असाल तर ट्रस्टच्या नावावर द्या, पावती घ्या, ८०जी (देणगीवरची करसवलत) हवं असेल तर दोन हजाराच्या वर कॅश चालत नाही.

पेटी मात्र आम्ही मिरजेला घेऊन आलो, वाद्यांचं गावच ते, नवीन भाता बसवून आठ दिवसात परत नेऊन दिली.

ज्वारी निघाल्यावर तिकडे कापणीचा सण होता, आम्हाला खास बोलावणं. भक्तीनंतर लिलाव, ज्याने जे आणलं ते, अंडी, कोंबडा, ज्वारीचं पोतं, एका आजींचा दुधी भोपळा सातशेला गेला कारण दोन व्याही हट्टाला पेटले. शेवटी पाळकसाहेबांनी हळूच आमचा कीबोर्ड टेबलावर आणून ठेवला, माझ्याकडे बघून हसले, आणि तासगावकडच्या एका तरुण संघाने तो बत्तीसशेला उचलला, त्यांच्याकडे वाजवणारी मुलगी आहे म्हणे.