सीलिंग बंद झालं आणि माझं बिल वर अडकलं

हिंजवडीतल्या एका ऑफिस इमारतीचं एसी डक्टिंग, म्हणजे थंड हवा नेणाऱ्या पत्र्याच्या चौकोनी नळ्यांचं काम, आम्ही मालासकट घेतलं आणि सात आठवड्यांत चढवलं. पत्रा आला, लॉक पाडले, फ्लँज लावले, स्लॅबला अँकर मारून रॉड सोडले, डक्ट लटकवली. लाइट टेस्टही एका रात्रीत उरकली. मजल्यावर अंधार करून डक्टमध्ये दिवा सोडला, दोन कोपऱ्यांतून उजेड दिसला, तिथे सीलंट भरलं, झालं. जीव काढला तो मेजरमेंटने, म्हणजे झालेलं काम मोजून बिलासाठी साइट इंजिनियरची सही घेण्याने. सही मिळायला अकरा आठवडे लागले!

डक्टचे पैसे चौरस मीटरवर मिळतात. चारही बाजूंची बेरीज गुणिले लांबी, आणि दर गेजप्रमाणे, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या नंबरप्रमाणे. आयएस ६५५ या भारतीय मानकाप्रमाणे मोठी बाजू ७५० मिमीपर्यंत असेल तर २४ गेज, म्हणजे ०.६३ मिमी पत्रा. त्याच्या पुढे १५०० पर्यंत २२ गेज, ०.८० मिमी. (गेजचा आकडा उतरला की पत्रा जाड होतो. नव्या पोरांना हे हमखास उलटं वाटतं.)

तिसऱ्या मजल्यावर मेन डक्ट ७०० बाय ५०० मिमी होती. वर चढून बघतो तर बीम आडवा, खाली सीलिंगची पातळी ठरलेली. ५०० काही बसेना. तेव्हाचे साइट इंजिनियर चहा पिता पिता म्हणाले, "भाऊ, १००० बाय ३५० करून टाका, हवा तेवढीच जाईल." तोंडाचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, खरं आहे. पण घेर २.४ मीटरचा २.७ झाला आणि २४ गेजच्या जागी २२ आलं. लांबी ३८ मीटर. म्हणजे ९१.२ चौरस मीटरचे १०२.६ झाले, तेही जाड पत्र्यात. मी बनवली, चढवली. कागदावर काही घेतलं नाही. चौदा वर्षं पत्रा कापतोय, तरी गाढवपणा केलाच.

बिल लावेपर्यंत ते साहेब नोकरी सोडून गेलेले. डक्टवर इन्सुलेशन, खाली जिप्समचं सीलिंग, त्यावर रंगाचा दुसरा हातसुद्धा. नवे साहेब वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, "इथे ७०० आहे."

"वर १००० आहे, साहेब."

"मला दिसत नाही. सही कशी करू?"

तसं त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. पण दर सोमवारी गेटवर पास काढायचा, हेल्मेट चढवायचं, तीन मजले चढायचे आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकून उतरायचं, हे पाच सोमवार चाललं. सहाव्या सोमवारी मी शिडी घेऊनच गेलो. डँपरपाशी (हवा कमी-जास्त करायची पट्टी) हात घालायला सीलिंगला झडप ठेवलेली असते, तिच्यातून त्यांना वर चढवलं आणि टेप लावला. १०३८. "म्हणजे १००० पण नाही!" साहेब खूश. मग दोन्ही बाजूंचं १९-१९ मिमी इन्सुलेशन वजा करून दाखवलं. तर म्हणे एका जागेवरून ३८ मीटर कसे धरू? पुढच्या सोमवारी डिफ्यूझर, म्हणजे सीलिंगमधल्या हवेच्या जाळ्या, काढून आणखी चार ठिकाणी मोजलं. साइज मान्य झाली. मग निघालं, "पण पत्रा २२ चाच आहे कशावरून?"

इथे मात्र मी खाली पायरीवर बसलो. चालू डक्ट कापून दाखवू का आता?

तेवढ्यात आमचा पोऱ्या म्हणाला, पिंपाचं झाकण! कॉलरसाठी (फाटा जोडायचा पत्र्याचा गळा) डक्टला भोक पाडताना निघालेला गोल तुकडा पोरांनी पाण्याच्या पिंपावर ठेवला होता. त्यावर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं, तिसरा मजला, मेन, पीस १४. साहेबांसमोर मायक्रोमीटर लावला. ०.८०. त्यांनी दोनदा लावून बघितला.

तर तुम्ही हे काम घेत असाल तर इन्सुलेशन चढायच्या आधी प्रत्येक पीसला टेप लावून फोटो काढा, नंबर फोटोत दिसू द्या. रूट किंवा साइज बदलली तर त्याच दिवशी ड्रॉइंगवर लाल पेनाने मारून सही घ्या, चहा नंतर प्या. सीलिंगवाल्याशी गोडीने राहा. आमच्या सीलिंगवाल्याने बंद करण्याआधी एक फोन केला असता तर हा लेखच लिहावा लागला नसता. आणि हो, बेंड, म्हणजे डक्टचं वळण, मधल्या रेषेने मोजायचा की बाहेरच्या, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या. त्यावरून माझे आणखी दोन सोमवार गेले, त्याचं पुन्हा कधीतरी.

पैसे आले. पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून अडकवलेली रक्कम, वर्षभर त्यांच्याकडेच राहणार. तो गोल तुकडा परत मागितला, तर साहेब म्हणाले फाइलला लावलाय. पोरांच्या पिंपावर आता प्लायवूडचं झाकण आहे.