तुम्ही विचारलंत म्हणून: सणाची पोस्ट नेमकी कधी टाकायची?

"ताई, आषाढीचा सेट तयार आहे, पोस्ट कधी टाकू?" गेली तीन-चार वर्षं हा मेसेज मला येतोच येतो, फक्त आषाढीच्या जागी कधी पंधरा ऑगस्ट असतो, कधी दिवाळी, कधी मराठी भाषा दिन. विचारणाऱ्या बहुतेक जणी माझ्यासारख्याच, शाळेत शिकवणाऱ्या नाहीतर शिकवून बाहेर पडलेल्या, घरी बसून कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपवर वर्कशीट, फ्लॅशकार्ड, मुखवटे, तक्ते बनवून पीडीएफ विकणाऱ्या. प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

मी सांगलीत एका खासगी प्राथमिक शाळेत बारा वर्षं दुसरीला शिकवलं, आता सहा वर्षं मराठीचं साहित्य बनवते आणि इन्स्टा, व्हॉट्सॲपवरून विकते. तर उत्तर असं की सणाच्या तारखेपासून मोजूच नका. समोरच्या बाई त्या सणाची तयारी करायला कधी बसतात, तिथून मोजा. त्या बसतात त्याच्या दोन-चार दिवस आधी तुमचं साहित्य त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेलं पाहिजे, मग त्या बसल्या की आपोआप तुमचं नाव आठवतं.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. तेव्हा मी यूट्यूबवर अमेरिकेतल्या टीचर-सेलर बायकांचे व्हिडिओ बघून शिकत होते, आणि शिकण्यासारखं त्यांच्याकडे खूप आहे, तिकडे 'टीचर्स पे टीचर्स' ही साइट न्यूयॉर्कच्या एका शिक्षकाने २००६ मध्येच सुरू केली, म्हणजे शिक्षकाने शिक्षकाला साहित्य विकणं ही तिकडे रुळलेली गोष्ट आहे. पण त्यांचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, त्यामुळे 'बॅक टू स्कूल'चा सगळा धडाका जुलैमध्ये. मी तेच कॅलेंडर उचललं आणि वर्गसजावटीचा, नावाच्या चिठ्ठ्यांचा, पहिल्या दिवसाच्या ॲक्टिव्हिटीचा सेट जुलैच्या शेवटी टाकला. आपल्याकडे तेव्हा शाळा सुरू होऊन दीड महिना झालेला, भिंती सजून गेलेल्या, बाई टिळक पुण्यतिथीच्या भाषणांच्या मागे. महिनाभराची मेहनत तशीच पडून राहिली. वाईट याचं वाटलं की सेट चांगला होता, नुसता दिवस चुकला.

म्हणून आपलं कॅलेंडर आपल्याच शाळेवरून काढायचं. राज्य बोर्डाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर. पण विकत घेणारी बाई शाळा उघडायच्या दिवशी खरेदी करत नाही, त्या दिवशी तिच्यापुढे प्रवेश, पुस्तकवाटप, पालक, रडणारी पहिलीची मुलं असं सगळं एकदम असतं. ती मोकळी असते मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जूनच्या पहिल्या, माहेरून परत आलेली असते, यंदा वर्गात काय नवीन करायचं याचा विचार डोक्यात घोळत असतो. वर्गसजावटीची विक्री माझी तेव्हाच होते. सीबीएसईच्या शाळा मात्र एप्रिलमध्येच सुरू होतात, आणि २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची झाल्यापासून तिथल्या मराठीच्या बाई हा एक फार मोठा आणि फार दुर्लक्षित वर्ग आहे. त्यांच्या मुलांना घरी मराठी असेलच असं नाही, त्यामुळे पुस्तकाबरोबर चित्रशब्दांची, सोप्या वाक्यांची पानं त्यांना लागतातच. त्यांच्यासाठी माझी पोस्ट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जाते. एकच सेट असतो, पण मार्चमध्ये एका बाईंसाठी आणि मेमध्ये दुसऱ्या.

आता आषाढीचं. गेल्या वर्षीची पोस्ट त्याच तारखेला परत टाकायची सवय सगळ्यांना असते, आणि तिथेच गणित चुकतं कारण आपले सण इंग्रजी तारखेवर बसत नाहीत. आषाढी २०२३ ला २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला. म्हणजे २०२३ ला शाळा उघडून दोन आठवडे होतात न होतात तोच दिंडी, तर २०२४ ला चांगला महिना हातात. यंदा धोंड्याचा महिना आलाय, अधिक ज्येष्ठ, त्यामुळे २०२६ ची आषाढी थेट २५ जुलैला. बाईंना वेळ भरपूर आहे, तेव्हा जूनमध्ये आषाढी-आषाढी करून कुणी घेणार नाही, जून सगळा उजळणीचा आणि वाचन-लेखनाच्या साहित्याचा ठेवा. विठ्ठल-रखुमाईचे मुखवटे, तुळशीवृंदावन, दिंडीच्या पताका, अभंगाच्या ओळींचं सुलेखन हे सगळं मी ८-१० जुलैपासून दाखवायला सुरुवात करणार.

एक बारीक गोष्ट, पण फरक पडतो. यंदा २५ जुलै शनिवार आहे. १ ऑगस्ट, म्हणजे टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, शनिवार. १५ ऑगस्ट शनिवार. ५ सप्टेंबरचा शिक्षक दिनसुद्धा शनिवारच. बऱ्याच शाळांत दिंडी आदल्या दिवशी शुक्रवारी निघेल, मुखवटे गुरुवारी कापून रंगवून झाले पाहिजेत, म्हणजे झेरॉक्स बुधवारी, म्हणजे पीडीएफ बाईंच्या हातात फार तर रविवारी १९ तारखेला. असं उलटं मोजत यायचं. मी खरंच वहीत असंच लिहिते, वर्गातला दिवस आधी, मग झेरॉक्सचा, मग खरेदीचा, मग पोस्टचा, आणि सगळ्यात शेवटी माझा बनवायचा दिवस, जो बहुतेक वेळा दीड महिना मागे निघतो.

झेरॉक्सचा विषय निघालाच आहे तर हे सांगतेच, कारण पोस्टमध्ये काय दाखवायचं हे त्यावरून ठरतं. आपल्याकडे बाई बहुतेक वेळा स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढतात. चाळीस मुलांचा वर्ग, रंगीत प्रिंट कुणाला परवडणार? तरी आपण रीलमध्ये रंगीत, लॅमिनेट केलेलं, गुळगुळीत असंच दाखवतो. मी काळं-पांढरं पान दाखवायला लागले, झेरॉक्सच्या दुकानातून आणलेलं, मुलांनी खडूने रंगवलेलं, आणि चौकशा तिथून वाढल्या. कारण बघणाऱ्या बाईला ते पान तिच्या वर्गात दिसलं. (मुलांचे चेहरे मात्र दाखवू नका, नुसते हात आणि कागद पुरतात, आणि तेही पालकांना विचारून.)

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचं वेगळं आहे. त्याला दोन लाटा असतात. पहिली लाट १ ऑगस्ट उरकला की लगेच, तेव्हा पूर्ण सेट जातो, तिरंगा क्राफ्ट, क्रांतिकारकांची माहितीपानं, फलकलेखनाचे नमुने. दुसरी लाट १३-१४ ऑगस्टला रात्री दहानंतर, "मॅडम छोटं भाषण आहे का हो?" अशी. त्या दुसऱ्या लाटेला मी काहीही विकत नाही. एक पानाचं भाषण, पहिली-दुसरीच्या मुलाला पाठ होईल असं पाच-सहा ओळींचं, फुकट देते. ती बाई दमलेली असते, पोरगं उद्या स्टेजवर जाणार असतं, तेव्हा मदत केलेली माणूस विसरत नाही. माझ्या कायमच्या गिऱ्हाइकांतल्या कितीतरी जणी अशा रात्रीच्या भाषणातून आलेल्या आहेत.

दिवाळी सगळ्यात फसवी. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, त्यामुळे सत्र परीक्षा, पेपर तपासणी, वाचन प्रेरणा दिन, सगळं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबलं गेलं. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला या वेळी शाळा नीट भरलेली असेल, नवरात्र चालू असेल, बाईंना उपक्रम करायला उसंत असेल, तेव्हा वाचनाच्या साहित्यावर यंदा जोर द्या. उलट १४ नोव्हेंबरचा बालदिन सुट्टीतच जाईल असं दिसतंय, त्यावर पंधरा दिवस घालवू नका. आणि दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास हे पालक मागतात, शिक्षक मागतात, दोघं मागतात, ते सुट्टी लागायच्या आठ दिवस आधी, नंतर नाही. सुट्टी लागली की फराळ आणि प्रवास, फोनवर कुणी वर्कशीट शोधत नाही.

परदेशातल्या मराठी शाळांचं कॅलेंडर तिसरंच. अमेरिकेत या शाळा बहुतेक शनिवार-रविवारी भरतात, सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात, शिकवणारे पालकच असतात, स्वयंसेवक म्हणून. त्यांना मी ऑगस्टच्या मध्यावर मेसेज करते. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत म्हणजे त्यांचं वर्ष सुरू होताहोताच गणपती, तेव्हा मुळाक्षरांचा सेट आणि गणपतीचा सेट त्यांना एकत्रच दाखवायचा. सूचना इंग्रजीत हव्यात, शब्द मोठे आणि पानावर कमी. माझा जुलैमध्ये फसलेला तो 'बॅक टू स्कूल' प्रकार तिकडे अगदी वेळेवर पडतो.

वेळेचं विचारता म्हणून, म्हणजे दिवसातली. शनिवार दुपार. सकाळची शाळा असते, बाई घरी येऊन जेवून जरा आडव्या होतात आणि फोन हातात घेतात, आणि डोक्यात सोमवार असतो. माझ्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी शनिवार दुपार ते रविवार रात्र यात येतात. बाकी दिवशी रात्री नऊनंतर. शाळेच्या वेळेत टाकलेलं वाहून जातं. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी, वापरत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो आणि एका लिस्टमध्ये २५६ च जण मावतात, म्हणून पीडीएफ पाठवतानाच "नंबर सेव्ह करून ठेवा" असं सांगा आणि लिस्ट इयत्तेप्रमाणे करा. बालवाडीच्या बाईंना चौथीचा सेट तीनदा आला की त्या ब्लॉक करतात, आणि बरोबरच करतात.

काही आठवडे तर मी विकायचं बंदच ठेवते. पेपर तपासणीचे, निकालाचे, निवडणुकीच्या ड्युटीचे. त्या दिवसांत शिक्षकांच्या ग्रुपवर ऑफर टाकणं मला बरं वाटत नाही, मी त्या खुर्चीत बसलेली आहे, त्या दिवसांत कानावर आणखी एक आवाजसुद्धा नको असतो. तेव्हा निकालपत्रकावरच्या वर्णनात्मक नोंदींचं एखादं तयार पान टाकते, फुकट, बस.

पीडीएफ फॉरवर्ड होण्याचं दुःख सगळ्यांना आहे, मलाही झालंय, माझा सेट नाव कापून एका ग्रुपवर फिरताना मी स्वतः बघितलाय. आता मी प्रत्येक पानाच्या तळाला, चित्राच्या आत येईल असं, नाव आणि नंबर घालते. फॉरवर्ड थांबत नाही, पण फिरलेलं पान नवीन माणूस घेऊन येतं. आणि त्याच न्यायाने आपणही बालभारतीची पानं, कविता, चित्रं उचलून सेटमध्ये घालू नयेत, पुस्तक मोफत उतरवता येतं म्हणजे विकता येतं असं नाही. सरकारी, जिल्हा परिषदेच्या सेवेत असाल तर खासगी व्यवसायाबद्दलचे तुमचे सेवानियम आधी वाचा, हे मी प्रत्येकीला सांगते, कुणाला आवडत नाही तरी सांगते.

या आठवड्यात माझ्याकडे पताकांचं काम चाललंय आणि रखुमाईच्या मुखवट्याची नथ झेरॉक्सवर काळी पडतेय, ती रेघ बारीक करायचीय. ज्यांना वहीतलं उलटं मोजायचं पान हवंय त्यांनी इयत्ता लिहून मेसेज करा, शनिवारी दुपारी पाठवते.