टाके मोजतेय

चारचौघांत बसायचं पण बोलायचं नाही, अशा माणसाची आपल्याकडे काही सोयच नाही. नुसतं गप्प बसलं तर ‘बरं नाही काय?’ पासून ‘घरात काय झालं काय?’ पर्यंत चौकशा होतात. आमच्या बेळगावात तर गप्प माणसाला कुणी फार वेळ तसं राहू देत नाही. ‘वैनी, बोला की ओ कायतरी!’ म्हणत कुणीतरी बशीत चिवडा वाढतं आणि खोलीतले सगळे डोळे आपल्याकडे वळतात. लाजऱ्या माणसावर याहून वाईट प्रसंग येत नाही.

हातात सुया असल्या की मात्र सगळं निराळं. मान खाली, कारण काम खाली. उत्तर उशिरा दिलं तरी चालतं, कारण ओळ संपायची असते. आणि कुणी फारच मागे लागलं तर ‘थांबा हं, टाके मोजतेय’ म्हणायचं. पूजेला बसलेल्याला लोक हाक मारतात, टाके मोजणारीला नाही. खरं तर एक सुलट एक उलट विणताना मोजावं लागतच नाही. सुईवरचा पुढचा टाका बघितला की तो कसा घ्यायचा ते कळतं. पण हे बाहेर सांगायचं कशाला?

कुठलं काम कुठे न्यायचं हेही ठरलेलं आहे. मफलरच्या सरळ ओळी लग्नघरात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकड्यावर. पायमोज्याची टाच घरीच, कारण तिथे अर्ध्या ओळीतून परत फिरायचं असतं आणि मध्ये दुसरा विचार शिरून चालत नाही. क्रोशाचं बरं असतं. एकच सुई, तिच्यावर बहुतेक वेळा एकच टाका, त्यामुळे अर्धवट ठेवून कधीही उठता येतं. शिलाई मशीन तेवढं घरात राहतं. त्याच्या आवाजाबद्दल इतर गावांत शेजारी बोलत असतील, बेळगावच्या शहापूर-वडगावात कोण बोलणार? इथल्या गल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालतो. त्यात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगावं असं माझ्याकडे क्वचितच काही असतं.

बेळगावला स्वेटर लागतो हे मुंबईच्या पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी समजतं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, वर सह्याद्री जवळ. जूनमध्ये झड लागते, ती गणपती आले तरी पुरती हटत नाही. त्या दिवसांत सुईच्या डबीत टाल्कम पावडर टाकून ठेवावी लागते, नाहीतर शिवणाच्या सुया गंजतात. विणायच्या सुयांपैकी दहा नंबरवर माझा जीव आहे. जुन्या विलायती मोजणीत नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते. दहाची सुई ३.२५ मिलिमीटर, आठची ४. लहान मुलाच्या स्वेटरला दहाच बरी, वीण घट्ट येते आणि चिमुकली बोटं भोकांत अडकत नाहीत.

ज्याला आपण लोकर म्हणतो ते बहुतेक अ‍ॅक्रेलिक असतं, लुधियानाहून आलेलं. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. पण बाळाच्या अंगाला खरी लोकर टोचते आणि गरम पाण्यात पडली तर आखडून बसते. अ‍ॅक्रेलिक रोज धुवा, काही तक्रार नाही. फक्त कडक इस्त्री फिरवायची नाही, एकदा चपटं झालं की ते परत फुगत नाही.

जुना स्वेटर उसवण्यातही फार मजा आहे. शिवण नीट सोडवली आणि शेवटचं टोक सापडलं की अख्खी बाही सरसर निघत जाते. निघालेला दोरा कुरळा असतो. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, धुवायची आणि ओली असतानाच खाली काहीतरी जड अडकवून टांगायची. वाळेपर्यंत बराच सरळ होतो. मग पोरगं वाढलं तर त्यातूनच मोठा स्वेटर, हातांना दुसऱ्या रंगाची पट्टी घालून. आमच्या लहानपणचे स्वेटर असे रंगीत का असायचे, ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

वाकळीचंही तसंच. विरलेली लुगडी एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवायची. खानापूर-हल्याळकडच्या जंगलपट्ट्यातल्या सिद्दी बायका जी कवंदी शिवतात, तिची रीत मला सगळ्यांत आवडते. त्या कडेच्या कोपऱ्यापासून निघतात आणि चहूकडून फिरत फिरत मध्याकडे येतात. शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, असं त्यांचं म्हणणं. पांघरुणालाही काहीतरी अंगावर लागतं, हे मला फार पटलं.

खरेदीला जायचं म्हणजे गणपत गल्ली. तिथल्या गर्दीत मी नेहमी भिंतीच्या कडेने चालते. पण मॅचिंग सेंटरची ज्याने कल्पना काढली त्याचं भलं होवो. कापडाचा तुकडा नुसता पुढे करायचा. दुकानदार मराठी की कानडी, आपण काय बोलायचं, काही प्रश्नच येत नाही. तो तुकडा उजेडात धरतो, मागच्या फळीवरून तीन अस्तरं काढून टाकतो, आपण एकावर बोट ठेवायचं. सबंध व्यवहारात ‘किती?’ एवढाच शब्द लागतो.

शेजारच्या अक्का धारवाडकडच्या. आमची ओळख झाली ती कसुतीच्या भरतकामामुळे, बोलण्यामुळे नाही. त्या दारात बसून काळ्या कापडावर टाके घालत होत्या आणि मी फाटकापाशी उभी राहून बराच वेळ बघत होते. त्यांनी वर न बघताच बाजूची चटई सरकवली. कसुतीत कापडावर आधी काही छापत नाहीत. उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई घालायची. गाठ मारायची नाही. गवंतीच्या टाक्यात जाताना एक घर सोडून एक भरायचं आणि येताना सुटलेली घरं भरत परत यायचं, म्हणजे कापड उलटलं तरी नक्षी तशीच. मुरगीत तेच पायऱ्यापायऱ्यांनी. मेंथी फुलीचा टाका, तो भरीव जागेला. गोपूर, रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन, सगळं या मोजणीतून उभं राहतं. कुठून निघायचं आणि कुठे परतायचं हे सुई घालण्याआधीच डोक्यात पक्कं हवं. आमच्या विणकामातलं मोजणं हे पुष्कळदा निमित्त असतं, इथे ते खरंच असतं. इथे दोघीही खऱ्याच मोजत असतो, त्यामुळे एकमेकींना सांगावंही लागत नाही. विणताना मी मराठीत मोजते, कसुतीला मात्र ओंदु, एरडु, मूरु असंच येतं. हात ज्या भाषेत शिकला तिच्यातच तो चालतो.

माझ्या हातचं सगळ्यांत जास्त जातं ते बाळंतविड्यात. झबली, टोपरी, दुपटं, लंगोट, मोजे आणि बारशाला घालायची खणाची कुंची. खण गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला. कुंचीचा बेत इतका सोपा की कुणालाही जमावा. कापड दुमडायचं, डोक्याच्या बाजूला एक शिवण घालायची, पुढे बांधायला बंद, खाली झालर. कस लागतो तो काठ बसवण्यात. तो बाळाच्या चेहऱ्याभोवती अखंड आला पाहिजे, मध्ये जोड नको. आतून मऊ सुती अस्तर, कारण खणाची मागची बाजू कोवळ्या कानांना घासते. बारशाला गर्दी असते, नाव ठेवण्याचा गलका असतो, आणि माझं काम पाळण्यात आधीच पोहोचलेलं असतं. मी मागे उभी राहिले तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

अडचण येते पैशांची. ओळखीतून ओळख निघते, कुणीतरी कुंची सांगतं आणि शेवटी विचारतं, ‘किती द्यायचे ओ?’ यावर ‘टाके मोजतेय’ चालत नाही. मी ‘द्या काय ते’ म्हणते. मग समोरची इतकं कमी सांगते की खणाचे आणि अस्तराचेसुद्धा भागत नाहीत, आणि मी मान हलवते. अक्कांनी हे एकदा पडवीतून ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी हा विभाग स्वतःकडे घेतला. ‘खणाचं पैसे वेगळं, हाताचं वेगळं,’ त्या येणाऱ्याला बजावतात, आणि जो आकडा सांगतात तो ऐकून मला आत जाऊन उगाच पाणी प्यावंसं वाटतं. नवल म्हणजे लोक देतात. एकदोघी परत गेल्या, तेव्हा अक्का म्हणाल्या, ‘जाऊ दे की.’

या आठवड्यात त्यांनी परस्पर दोन कुंच्या कबूल करून ठेवल्या आहेत, एक जांभळ्या खणाची आणि एक हिरव्या. जांभळ्याचा काठ अरुंद आहे, तो चेहऱ्याभोवती पुरेल की नाही हे उद्या कापड बेतताना बघायचं.